मुन्शी ते टॅली : दफ्तरातल्या कौशल्याचा इतिहास

१८३७ हे साल दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने कायदा करून कोर्टकचेऱ्यांतून फारसी भाषा हटवण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीची आपली छोटीशी पुस्तिका प्रसिद्ध केली. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. पण आज मागे वळून पाहिले तर एकीने मुन्शीचे टेबल उचलले आणि दुसरीने स्टेनोग्राफरचे टेबल मांडले, असे म्हणता येईल.

आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी टॅली, एमएस-सीआयटी, ॲडव्हान्स एक्सेल, मराठी-इंग्रजी टायपिंग अशा पाट्या दिसतात. वाणिज्य महाविद्यालयांच्या माहितीपुस्तकांतही हे कोर्स असतात. मोहल्ल्यातल्या सत्कार समारंभात डॉक्टर, इंजिनिअर झालेल्या मुलांना शाल मिळते. टॅली शिकून एखाद्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागलेल्या मुलीला कुणी बोलवत नाही. मात्र कुठल्याही समाजाचा मध्यमवर्ग आधी कारकुनांच्या घरांतून उभा राहिला आहे. म्हणून या दुर्लक्षित कौशल्याचा इतिहास तपासणे गरजेचे वाटते.

दफ्तर फारसी, दौत मराठी

मराठी कचेरीची भाषा पाहा. दफ्तर, कारकून, अर्ज, दाखला, मसुदा, नक्कल, हजेरी, तारीख, जमाखर्च, बाकी, वसूल, रुजू, बडतर्फ. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले. महसूल खात्यातले ‘अव्वल कारकून’ हे पदनाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आडनावेही तीच गोष्ट सांगतात. फडणीस म्हणजे फर्दनवीस, चिटणीस म्हणजे चिठ्ठीनवीस, पारसनीस म्हणजे फारसीनवीस. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. शब्द फारसी आणि आडनाव लावणारी घराणी मात्र ब्राह्मण, प्रभू. दख्खनच्या दफ्तराची सगळी रचना या एका विसंगतीत दिसते.

ती रचना कुणी घडवली? फेरिश्ताने नोंदवले आहे की विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) सरकारी हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला सुरुवात केली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले. म्हणजे दख्खनमध्ये स्थानिक भाषेला दफ्तरात बसवण्याची सुरुवात एका मुस्लिम सुलतानाच्या काळातच झाली होती. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहार कोश तयार करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्याच वेळी फारसी पत्रव्यवहारासाठी त्यांच्याकडे काझी हैदर यांच्यासारखे मुन्शीही होते. पेशवाईचे दफ्तर तर मोडी लिपीतल्या मराठीत आहे.

ही लेखणी शाळेत शिकवली जात नव्हती. मोडीचे वळण, रोजकीर्द लिहिण्याची रीत, खतावणीत नोंद उतरवण्याची शिस्त या गोष्टी बापाकडून मुलाकडे जात. कौशल्य हे वतन होते. विणकर, अत्तार, बागवान, पिंजारी, तांबोळी, कसाब अशा जमातींतल्या दख्खनी मुसलमानाला या वतनात वाटा नव्हता, जसा तो इथल्या कुणबी, महार, माळ्यालाही नव्हता.

हंटरचे बंगाल आणि आपले दख्खन

मुसलमानांच्या मागासलेपणाचा विषय निघाला की १८७१ साली आलेल्या विल्यम हंटर यांच्या पुस्तकाचा दाखला हमखास दिला जातो. कलकत्त्याच्या सरकारी कचेऱ्यांत मुसलमानाला शिपाई, निरोप्या, शाईच्या दौती भरणारा किंवा लेखण्या दुरुस्त करणारा यापलीकडे जागा उरली नाही, असे निरीक्षण त्यांनी मांडले होते. निरीक्षण बोचरे आहे, पण ते प्रामुख्याने बंगालचे आहे. तिथे फारसी जाणणारा एक मोठा मुस्लिम नोकरदार वर्ग होता आणि त्याने काहीतरी गमावले.

महाराष्ट्रात तसे घडले नाही. कंपनी सरकार येण्याआधीच इथले दफ्तर मराठी होते. त्यामुळे ‘आमची कारकुनी हिरावली’ हे दुःख उत्तरेतल्या अश्राफ घराण्यांचे आहे. सर्वसामान्य मराठी मुसलमान त्या टेबलावर मुळात बसलेलाच नव्हता. हा फरक समजून घेतला नाही तर आपण उसने दुःख मिरवत राहतो आणि खरा प्रश्न बाजूला पडतो. खरा प्रश्न असा की, टेबल पहिल्यांदा सर्वांसाठी खुले झाले तेव्हा आपण कुठे होतो?

टाइपरायटरचा क्लास

ते खुले केले एका यंत्राने. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १८७३-७४च्या सुमारास शोल्स यांचे टंकयंत्र बाजारात आणले. पुढच्या काही दशकांत ते मुंबईच्या पेढ्यांत पोहोचले. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. कॉलेजात व्यापाराचे तत्त्व शिकवले जाई. हाताला वळण मात्र रस्त्यापलीकडच्या टायपिंग-शॉर्टहँड क्लासमध्ये मिळे.

या क्लासचे सामाजिक महत्त्व फारसे कुणी लिहिलेले नाही. जी विद्या घराण्यात बंद होती ती आता महिन्याच्या फीवर विकत मिळू लागली. यंत्र जात विचारत नव्हते. तीस किंवा चाळीस शब्दांचा वेग आला की परीक्षकाला तो द्यावाच लागे. पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन मुली याच वाटेने मुंबईच्या ऑफिसांत आल्या. फीचे पैसे, इंग्रजीची ओळख आणि क्लासपर्यंत जाण्याची घरची परवानगी, एवढे मात्र लागायचे. मुस्लिम मोहल्ल्यात या तिन्हींची टंचाई होती.

ती ओळखणारी माणसे आपल्यात नव्हती असे नाही. १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, ती नव्या शिक्षणाची गरज ओळखूनच. हेच तय्यबजी १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण मुंबईबाहेर, विशेषतः घाटावरच्या लहान गावांत, ही लाट पोहोचायला फार उशीर लागला.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकयंत्र आणले आणि टायपिंग इन्स्टिट्यूट तालुक्याला पोहोचली. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्राची परीक्षा, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्द प्रतिमिनिट, ही लिपिक-टंकलेखक पदाची किल्ली ठरली. कोकणातल्या अनेक मुस्लिम तरुणांनी हेच प्रमाणपत्र घेऊन आखाती देशांतल्या कंपन्यांची वाट धरली.

मराठवाड्याचे दुसरे १८३७

मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. निजामाच्या राज्यात १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या कचेऱ्यांत उर्दू लिहिणारे कारकून होते. त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही.

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. त्यानंतर १९६४चा राजभाषा अधिनियम आला आणि मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. मराठी ही इथल्या लोकांची भाषा आहे, त्यामुळे हा निर्णय योग्यच होता. पण उर्दू माध्यमात शिकलेल्या एका पिढीसाठी हे दुसरे १८३७ होते. जो हात सफाईदार नस्तालीक लिहायचा, त्याला आता मराठी टंकलेखनाचा तीसचा वेग गाठायचा होता. काहींनी गाठला. अनेकांच्या मुलांनी मात्र गॅरेज, वेल्डिंग आणि फळांची गाडी पत्करली.

काळाने एक गमतीशीर उलटफेर नंतर दाखवला. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन कागद वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली. दफ्तरातली जुनी विद्या कधी निरुपयोगी होत नाही, हे त्यातून दिसले.

रोजकीर्द स्क्रीनवर आली

१९७९मध्ये व्हिसिकॅल्क हे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट आले, १९८३मध्ये लोटस १-२-३, मग एक्सेल. भारतात १९८६ साली बंगळुरूमध्ये श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी सुरू केलेल्या कंपनीतून टॅली जन्माला आले. त्याचे यश समजून घेण्यासारखे आहे. परदेशी सॉफ्टवेअर हिशेबनिसाकडून सांकेतिक क्रमांक मागायचे. टॅलीने त्याला खात्याचे साधे नाव लिहू दिले. पेमेंटसाठी एफ ५, पावतीसाठी एफ ६, विक्रीसाठी एफ ८ एवढी बटणे लक्षात राहिली की दिवाणजी कामाला लागू शकत होता. जुनी रोजकीर्द आणि खतावणी तशीच राहिली. एका नोंदीतून दोन्ही आपोआप तयार होऊ लागल्या.

२००५मध्ये महाराष्ट्रात व्हॅट आणि १ जुलै २०१७पासून जीएसटी आल्यावर छोट्या दुकानदारालाही संगणकावर हिशेब ठेवणे भाग पडले. भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवाला असो की सोलापूरचा घाऊक व्यापारी, प्रत्येकाला टॅली जाणणारे माणूस हवे झाले. दरम्यान महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा कोर्स २००२मध्ये सुरू झाला आणि सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरला. तो मराठीतून शिकता येत होता, हे त्याचे मोठे बलस्थान.

उर्दूच्या बाजूलाही हालचाल झाली. १९८१च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांच्या सुलेखनावर आधारलेला नूरी नस्तालीक आला. १९९४मध्ये दिल्लीत इनपेज तयार झाले आणि उर्दू वर्तमानपत्रांतल्या कातिबांचा पिढीजात पेशा काही वर्षांत संपला. पुढे राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने संगणक वापर, व्यावसायिक हिशेब आणि बहुभाषिक डीटीपी असा एकत्र एक वर्षाचा डिप्लोमा देशभर सुरू केला. कातिबाच्या नातवंडांना टॅली आणि इनपेज एकाच वर्गात शिकायला मिळाले. वर्ग मोहल्ल्याजवळ असल्याने मुलींनाही तिथवर जाणे सोपे झाले. मला या योजनेचे मोल मोठ्या घोषणांपेक्षा जास्त वाटते.

प्रमाणपत्र आणि नाव

मग प्रश्न सुटला का? २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले की २००१च्या जनगणनेनुसार १३.४ टक्के असलेल्या मुसलमानांचा रेल्वेतला वाटा ४.५ टक्के होता आणि त्यातले ९८.७ टक्के खालच्या पदांवर होते. पुढच्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणे येण्याची शक्यता जवळपास एक तृतीयांश भरली.

यंत्र नाव विचारत नाही. यंत्राचा मालक विचारतो. हे वास्तव नाकारून ‘फक्त कौशल्य कमवा’ असे तरुणांना सांगणे अप्रामाणिक ठरेल. पण ‘नावामुळे काहीच होणार नाही’ हे सांगणे त्याहून घातक आहे. भेदभावाविरुद्ध बोलायलाही आधी अर्ज करावा लागतो आणि अर्ज करायला पात्रता लागते.

इथे आपल्या कोर्सेसची एक उणीवही सांगायला हवी. बटणे शिकवली जातात, हिशेब शिकवला जात नाही. नावे-जमा कळत नसलेला टॅली ऑपरेटर म्हणजे शुद्धलेखन न येणारा टायपिस्ट. आता बँकेच्या नोंदी सॉफ्टवेअर स्वतःच ओढून घेते, बिलावरचे आकडे यंत्र स्वतः वाचते. निव्वळ नोंदी भरणाऱ्याचे काम संपत चालले आहे. नोंद चुकली कुठे हे सांगणारा, जीएसटीची नोटीस वाचून तिला नेमके मराठी उत्तर लिहिणारा माणूस टिकेल. महाविद्यालयांनी पदवीसोबत हे कोर्स दिले तर वाणिज्याचे तत्त्व आणि बोटांचे कौशल्य एकत्र येऊ शकते. कॉलेज आणि क्लास यांच्यात रस्त्याचे अंतर राहण्याचे आता काही कारण नाही.

आणि हे कौशल्य फक्त नोकरीपुरते नाही. ६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू केले आणि सहा महिन्यांची मुदत दिली. कायद्यातल्या सुधारणांबद्दल तीव्र मतभेद आहेत आणि ते असायलाही हवेत. पण त्या सहा महिन्यांत कस लागला तो दफ्तराचा. कागद कुठे आहेत, कुठल्या लिपीत आहेत, सातबाऱ्यावर नाव कुणाचे, उत्पन्नाचा हिशेब कुणी ठेवला, स्कॅन करून भरणार कोण? मोर्च्याला हजारोंची गर्दी जमते. मशिदीच्या कपाटातली फाईल लावायला एक माणूस मिळत नाही.

दख्खनच्या इतिहासात जमिनी लढायांत जिंकल्या गेल्या आणि त्याहून जास्त कागदांवर राखल्या किंवा गमावल्या गेल्या. इब्राहिम आदिलशहाच्या काळात लेखणी ज्यांच्या हाती गेली त्यांनी ती चारशे वर्षे सोडली नाही. आज ती लेखणी कीबोर्ड होऊन फीच्या पावतीवर कुणालाही मिळते. प्रत्येक मशीद, मदरसा आणि जमातीच्या ट्रस्टने मोहल्ल्यातल्या एका टॅली शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला पगार देऊन हिशेबाला बसवले, तर पुढच्या सत्कारात शाल कुणाला द्यायची हे वेगळे सांगावे लागणार नाही.