कृषिसल्ला, अमेरिकेच्या मका-पट्ट्यातील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयोवा, इलिनॉय, इंडियाना व ओहायओ ही राज्ये आणि त्यांच्या लगतचा सुपीक मैदानी प्रदेश ‘मका-पट्टा’ म्हणून ओळखला जातो. मका व सोयाबीन ही येथील मुख्य पिके असून काही भागांत हिवाळी गहूही घेतात. या पिकांचे बियाणे, खते, फेरपालट व पेरणीची वेळ यांविषयी शेतकऱ्यास शास्त्रीय सल्ला देण्याची व्यवस्था येथे सु. दीडशे वर्षांत विकसित झाली. सल्ल्याचा अधिकार तज्ञाच्या पदावर नव्हे, तर शेतातील पुराव्यावर अवलंबून असतो, ही जाणीव या काळात टप्प्याटप्प्याने दृढ झाली.

संस्थात्मक पाया : १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन कृषी व यंत्रविद्येच्या महाविद्यालयांस आधार दिला, १८८७ च्या हॅच कायद्याने राज्याराज्यांतील प्रयोगकेंद्रांस अनुदान मिळू लागले. त्यापूर्वीच, १८७६ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात अर्बाना येथे ‘मॉरो’ प्रयोगक्षेत्रे आखण्यात आली होती. वर्षानुवर्षे केवळ मका घेतलेल्या व खत न दिलेल्या जमिनीचा कस खालावतो, तर द्विदल पिकांच्या फेरपालटाने तो अधिक टिकतो, हे त्यांवरून डोळ्यांना दिसू लागले. या पिकांवर सावली पडू नये म्हणून १९६९ मध्ये शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधण्यात आले. याच विद्यापीठातील सिरिल हॉपकिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मातीपरीक्षण, चुनखडी, खनिज फॉस्फेट व द्विदल पिके यांच्या आधारे जमिनीची सुपीकता कायम राखण्याचा पुरस्कार केला.

प्रात्यक्षिके : प्रयोगकेंद्रांतील निष्कर्ष शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणे कठीण होते. मका-पट्ट्याबाहेर टेक्सस राज्यात, टेरेल येथे १९०३ मध्ये सीमन नॅप यांनी शेतकऱ्याच्याच शेतावर, त्याच्याच हातून प्रात्यक्षिक घडवून आणले; तोटा झाल्यास तो भरून देण्यासाठी स्थानिक लोकांनी निधी उभारला होता. आयोवात पेरी होल्डन यांनी १९०४ पासून खास आगगाड्यांतून गावोगावी व्याख्याने देऊन, पेरणीपूर्वी प्रत्येक कणसातील काही दाण्यांची उगवणशक्ती तपासण्याचा सल्ला दिला. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानुसार विस्तारकार्यास संघराज्याचे कायम अर्थसाहाय्य मिळाले व जिल्हावार कृषिसल्लागारांची व्यवस्था स्थिरावली.

डोळ्यांची पारख व मोजमाप : त्या काळी कणसांची प्रदर्शने लोकप्रिय होती. लांब, सरळ व भरगच्च ओळींच्या कणसास गुण देत आणि तेच बियाणे उत्तम, असा सल्ला मिळे. हेन्री वॉलिस (पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष, १९४१–४५) यांनी शाळकरी वयात अशा कणसांचे दाणे पेरून पाहिले, तेव्हा देखणेपणा व उत्पन्न यांचा मेळ बसत नसल्याचे दिसून आले. आयोवात १९२० पासून मक्याच्या वाणांच्या तुलनात्मक उत्पन्न-चाचण्या सुरू झाल्या. जॉर्ज शल यांचे अंतःप्रजननावरील संशोधन (१९०८) व डोनल्ड जोन्स यांची दुहेरी संकराची पद्धती यांतून निर्माण झालेल्या संकरित वाणांचे श्रेष्ठत्व अशा चाचण्यांत सिद्ध झाले. तरीही प्रसार एकदम झाला नाही. ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी आयोवातील दोन वसाहतींमधील २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांना प्रथम माहिती सर्वाधिक प्रमाणात विक्रेत्यांकडून मिळाली होती. निर्णय मात्र त्यांनी शेजाऱ्याचा अनुभव पाहून व आधी थोड्या क्षेत्रावर पेरून घेतला.

गहू व सोयाबीन : गव्हाच्या बाबतीत पेरणीची तारीख हाच मोठा सल्ला ठरला. हेसियन माशीची शरद ऋतूतील अंडी घालणारी पिढी ओसरल्यावर पेरणी केल्यास उपद्रव टळतो. म्हणून स्थानपरत्वे सुरक्षित तारखा ठरविण्यात आल्या. सोयाबीन प्रारंभी मुख्यतः वैरणीसाठी घेत. पी. एच. डॉर्सेट व विल्यम मोर्स यांनी १९२९–३१ मध्ये पूर्व आशियातून हजारो नमुने आणले. पुढे तेल व पेंड यांच्या मागणीमुळे ते मक्याशी फेरपालटीचे प्रमुख पीक बनले. नव्या जमिनीत बियाण्यास मुळांवरील गाठींच्या जीवाणूंचे संवर्धन लावण्याची शिफारसही त्यासोबत रूढ झाली.

सल्ल्याच्या मर्यादा : १९७० मध्ये पानांवरील करपा रोगाने देशातील मक्याचे सु. १५ टक्के उत्पन्न बुडाले. बहुसंख्य संकरित वाणांत एकच कोशिकाद्रव्य वापरल्याचा हा परिणाम होता. नत्राची मात्रा अपेक्षित उत्पन्नावरून ठरविण्याची शिफारसही अपुरी ठरली. जादा नत्र पाण्यावाटे मिसिसिपीत व पुढे मेक्सिकोच्या आखातात जाऊन तेथील पाण्यातील प्राणवायू घटण्यास कारणीभूत होते. २००५ च्या सुमारास आयोवा, इलिनॉय इ. राज्यांनी शेकडो शेतचाचण्यांच्या आधारे, खताच्या खर्चाच्या मानाने सर्वाधिक परतावा देणारी मात्रा सुचविण्याची पद्धती स्वीकारली.

भारताशी संबंध : पंतनगर येथील कृषी विद्यापीठ (१९६०) या धर्तीवर स्थापन झाले. त्यास व जबलपूरच्या कृषी विद्यापीठास इलिनॉय विद्यापीठाचे सहकार्य होते. या दोन्ही ठिकाणी १९६० नंतरच्या दशकात पिवळ्या दाण्यांच्या अमेरिकन सोयाबीन वाणांच्या चाचण्या झाल्या. सोयाबीन दिवसाच्या लांबीस संवेदनशील असल्यामुळे तेथील प्रत्येक वाण येथे उपयोगी पडणे शक्य नव्हते. स्थानिक चाचणी अटळ होती. पुढे हे पीक विदर्भ व मराठवाड्यात खरिपाचे प्रमुख पीक झाले. त्याच्या बियाण्याची उगवणशक्ती साठवणीत लवकर घटते. म्हणून पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते घरीच मोजावे, अशी शिफारस महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना केली जाते. बी तपासून मगच पेरावे, हे होल्डन यांच्या आगगाड्यांतील सल्ल्याचेच सूत्र होय.