कळीचा चुना व पोथ्यांची पेटी

कळीचा चुना ओल शोषून घेतो; तेव्हां पोथ्यांच्या पेटींत त्याची पुरचुंडी ठेवावी, हा विचार संग्राहकाच्या मनांत सहज येतो. तो अमलांत आणण्यापूर्वीं या द्रव्याचा स्वभाव पाहणें अवश्य आहे.

अमरकोशांत ‘सुधा’ शब्दाचे अमृत, भिंतीस द्यावयाचा लेप व निवडुंग असे तीन अर्थ दिले आहेत. सुधेनें लिंपिलेलें तें ‘सौध’. ‘चूर्ण’ शब्दापासून आपला ‘चुना’. मराठवाड्याच्या काळ्या भूमींत चुनखडीचे खडे सांपडतात. आमच्या जळकोटाहून जवळचा उदगीरचा किल्ला काय, कंधारचा काय, दगडास दगड धरून ठेवण्याचें काम चुन्यानेंच केलें आहे.

सुमारें ९०० अंश शतमान उष्णतेनें १०० भार शुद्ध चुनखडींतून ४४ भार कर्बाम्लवायु निघून जातो व ५६ भार कळीचा चुना उरतो. तो १८ भार पाणी घेऊन ७४ भार विरलेला चुना होतो. त्या वेळीं पाणी उकळण्याइतकी उष्णता सुटते, जवळचें गवत वा कागद पेटण्याची भीति असते, व चुना फुगून बंद पात्र फुटतें.

ही दाहकता सुश्रुतास ठाऊक होती. सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायांत, मुष्ककादि वृक्षांच्या राखेच्या निवळींत तापवून लाल केलेले चुन्याचे खडे व शंख घालून क्षार तीक्ष्ण करण्यास सांगितलें आहे, आणि तो लोखंडी कुंभांत ठेवावा असें म्हटलें आहे. चुना राखेंतील कर्बाम्ल ओढून घेतो व दाहक क्षार मोकळा होतो, ही त्याची आजची उपपत्ति. क्षारदग्धास तेथें आम्ल सांगितलें आहे. पण चुना डोळ्यांत गेल्यास आम्ल कदापि घालूं नये. कोरडे कण हलकेच काढून पुष्कळ पाण्यानें डोळा धूत राहावें व तत्काळ वैद्यास दाखवावा. विलंबानें दृष्टि जाते.

आतां पोथ्यांकडे वळूं. चुकलेल्या अक्षरांवर लेखक हरताळ फासीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यांतलाच. हरताळ तीव्र क्षारांत विरघळतो. म्हणूनच हरताळ व चुना यांचें मिश्रण केस काढण्यास वापरीत. ओलसर चुन्याची पूड पानावर पडल्यास पिवळा लेप नाहींसा होईल, पण खालची काजळाची शाई टिकेल. मग लेखकानें रद्द केलेलें अक्षर पुन्हा वर येईल आणि पुढचा शोधक तोच पाठ खरा मानील. रेशमी रुमालही क्षारानें खंगतो.

सारांश, भिंतीस जें अमृत, तें पोथीस विष. पेटी कोरड्या, हवेशीर जागीं ठेवावी. चुना भिंतीपुरताच राहूं द्यावा.