खारेपाटण : भरतीच्या सीमेवरील एक पेठ

कोकणच्या इतिहासाचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा जलदुर्गांवर खिळलेली असते. सिंधुदुर्ग व विजयदुर्ग यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्या मालाच्या आधारावर ही सागरी सत्ता उभी राहिली, तो माल जेथे उतरत व चढत असे त्या खाडीकाठच्या पेठांकडे अभ्यासकांचे दुर्लक्षच झाले आहे. प्रस्तुत टिपणात अशाच एका पेठेचा, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील खारेपाटणचा, विचार करावयाचा आहे.

विजयदुर्गाशी समुद्राला मिळणारी वाघोटनची खाडी चढत गेल्यास, जुन्या गॅझेटियरच्या हिशेबाने सुमारे 25 मैल आत, खारेपाटण लागते. येथे तिला शुक नदी म्हणतात. स्थानिक बोलण्यात 'सुख नदी' असेही नाव ऐकू येते. मोठी गलबते वाघोटनपर्यंत येत आणि तेथून पुढे लहान होड्या चालत. भरतीचे पाणी संपते तेथे जलमार्ग संपतो, आणि बैलांच्या तांड्यांचा फोंडाघाटाकडे जाणारा मार्ग सुरू होतो. सावित्रीवरील महाड, वाशिष्ठीवरील चिपळूण, अर्जुनेवरील राजापूर यांची स्थानेही याच न्यायाने ठरलेली आहेत. म्हणून खारेपाटणचे महत्त्व राजाश्रयापेक्षा भरतीच्या सीमेवर अधिक अवलंबून होते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

या गावाचे नाव विद्वज्जगतात प्रसिद्ध झाले ते ताम्रपटांमुळे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचा शके 930 मधील (इ. स. 1008) ताम्रपट येथे उपलब्ध झाला. त्याचे पहिले संपादन बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात केले. जांभेकर मूळचे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे, म्हणजे याच परिसरातले. 'दर्पण'कार म्हणून त्यांचा गौरव करताना हे संशोधनकार्य सहसा कोणाच्या ध्यानी राहत नाही. पुढे कीलहॉर्न यांनी तो लेख 'एपिग्राफिया इंडिका'त पुन्हा संपादिला. चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक असलेल्या रट्टराजाने अव्वेश्वर देवाच्या पूजेसाठी गावे दिली, आणि त्यांबरोबर एक विलक्षण उत्पन्नही नेमून दिले : द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याणक, आणि कंदलमूलीयाहून येणाऱ्या जहाजामागे एक सुवर्ण धरण. चेमूल्य (चौल) व चंद्रपूर (गोव्यातील चांदोर) येथील जहाजांना मात्र सूट होती. देवालयाच्या सेवेसाठी तेली, माळी, कुंभार व धोबी यांची कुटुंबे लावून दिल्याचा उल्लेखही त्यात येतो. बंदराचे उत्पन्न, देवालय आणि कारागीर हे तिन्ही एकाच शासनात गुंफलेले आढळावेत, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय.

त्याच ताम्रपटात रट्टराजाचा पूर्वज धम्मियर याने वलिपत्तन वसविल्याचे सांगितले आहे. हे वलिपत्तन म्हणजेच खारेपाटण असे काही विद्वानांनी सुचविले आहे. या सूचनेचा पुनर्विचार व्हावयास हवा. ताम्रपट ही उचलून नेता येणारी वस्तू आहे; ती जेथे सापडली तेच तिच्यातील स्थळ, असे अनुमान दुर्बळ ठरते. याचे दुसरे उदाहरण खारेपाटणातच आहे. उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा शके 1016 मधील (इ. स. 1094) ताम्रपटही याच गावी मिळाला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी संपादिलेल्या या लेखात भाभण श्रेष्ठी व धनाम श्रेष्ठी या बंधूंना स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमूल्य येथील जकात माफ केली आहे. ही सर्व बंदरे उत्तरेकडील. म्हणून कोणी खारेपाटणास ठाणे म्हणत नाही! तथापि त्या बंधूंचा पिता ज्या गावचा म्हणून सांगितला आहे, त्या गावाचे नाव वलिपत्तनाशी निकट दिसते. तेव्हा दक्षिणेतील व्यापारी घराण्याने आपली सनद आपल्या गावी जपून ठेवली असावी, हा तर्क शक्य कोटीतला आहे. माझ्या मते वलिपत्तनाच्या पक्षातील खरा पुरावा हाच. रट्टराजाचा ताम्रपट येथे सापडणे हा नव्हे. तरीही द्वीपांतराची जहाजे प्रत्यक्ष खारेपाटणाशी नांगर टाकीत, की खाडीच्या मुखाशी माल उतरवून होड्यांनी वर पाठवीत, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याचे उत्तर केवळ अक्षरवाचनातून मिळणार नाही.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक बार्बोझा 'आरापटन' नामक लहान स्थळाचा उल्लेख करतो. मलबारची गलबते तेथे स्वस्त तांदूळ व भाजीपाला भरीत. हे खारेपाटण असे गॅझेटियरकारांनी मानले आहे. सोन्याच्या गद्याणकापासून तांदळापर्यंतचा हा उतार बोलका आहे. पुढे 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे यांच्यात तह झाला. त्यात कान्होजींकडे राहिलेल्या दुय्यम ठाण्यांत खारेपाटणचे नाव आहे. 1756 मध्ये विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि हा मुलूख पेशव्यांकडे आला; 1818 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला.

इमारतींचे अवशेष थोडे आहेत. गावावरील टेकडीवर जेमतेम एकरभर क्षेत्राचा किल्ला होता. 1850 मध्ये त्याची तटबंदी उतरविण्यात आली. गावातील जैन मंदिर हे दक्षिण कोकणातील एकमेव असल्याचे 1880 च्या गॅझेटियरात म्हटले असून, त्यातील काळ्या पाषाणाची लहान मूर्ती नदीच्या पात्रात सापडल्याचेही तेथे नमूद आहे. ही नोंद महत्त्वाची आहे. वास्तू जमिनीवरून नाहीशा झाल्या, तरी त्यांचे अंश गाळाखाली असू शकतात. ज्या गाळाने होड्यांचा मार्ग उथळ करून पेठेचा व्यापार बुडविला, त्यानेच काही गोष्टी राखून ठेवल्या असाव्यात. आज मुंबई-गोवा महामार्ग गावाला लागून जातो आणि पेठेचे तोंड रस्त्याकडे वळले आहे. परंतु अतिवृष्टीत शुक नदीचे पाणी अद्यापि बाजारात शिरते. पुराची ती रेषा, भरतीची सध्याची मर्यादा, टेकडीचा पाया आणि जुन्या पेठेची जोती यांची एकत्र मोजणी करून नकाशा तयार केल्यास वलिपत्तनाच्या वादाला प्रथमच भूमीवरचा आधार मिळेल. हे काम ओहोटीच्या वेळी, उन्हाळ्यात, पात्रात उतरून करावे लागेल.