परदेशातील वाहनप्रवास आणि उपग्रहीय दिशादर्शन

परदेशात पर्यटनासाठी गेल्यावर स्वतः वाहन चालवताना उपग्रहांच्या साहाय्याने मार्ग शोधण्याच्या पद्धतीस वाहनप्रवासातील उपग्रहीय दिशादर्शन असे म्हणतात. बोलभाषेत तिला सरसकट ‘जीपीएस’ म्हटले जाते. ही सोय वाहनात बसवलेल्या यंत्रावर, पुढील काचेला लावलेल्या सुट्या यंत्रावर किंवा मोबाईलमधील ॲपवर मिळते. वाहन कोठे आहे, हे उपग्रहांच्या संकेतांवरून कळते. कोणत्या रस्त्याने जावे, हे मात्र नकाशा आणि संगणकीय आज्ञावली ठरवते. परदेशात उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या भेदात आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या संरक्षण विभागाने १९७३ मध्ये जीपीएस प्रकल्प हाती घेतला. १९९५ मध्ये ही प्रणाली पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीच्या संकेतांची अचूकता पूर्वी हेतुपुरस्सर कमी ठेवली जात असे. मे २००० मध्ये हा निर्बंध उठवण्यात आला आणि त्यानंतर मोटारींतील दिशादर्शनाचा प्रसार झपाट्याने झाला. रशियाची ग्लोनास, युरोपीय संघाची गॅलिलिओ व चीनची बैदू या अन्य जागतिक प्रणाली होत. भारताची नाविक ही प्रादेशिक प्रणाली आहे.

कार्यपद्धती

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपले स्थान व अचूक वेळ सतत प्रक्षेपित करतो. संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र उपग्रहापासूनचे अंतर काढते. स्थाननिश्चितीसाठी किमान चार उपग्रह लागतात. त्यांतील चौथ्यामुळे यंत्रातील घड्याळाची चूक दुरुस्त करता येते. या क्रियेस इंटरनेटची गरज नसते. मोबाईलवरील नकाशा मात्र बहुधा इंटरनेटवरून येतो. त्यामुळे परदेशात रोमिंग सेवा नसल्यास स्थान कळूनही नकाशा दिसत नाही, आणि म्हणून तो आधीच उतरवून ठेवणे उपयुक्त ठरते. बोगद्यात संकेत मिळत नाहीत, तर उंच इमारतींच्या दाटीत ते परावर्तित होऊन स्थान चुकते.

स्थलनामांतील गल्लत

अपरिचित भाषेतील नावात एका अक्षराचा फरकही महागात पडू शकतो. २००९ मध्ये काप्री या इटालियन बेटाकडे निघालेले एक स्वीडिश दांपत्य अक्षरांची अदलाबदल झाल्याने उत्तर इटलीतील कार्पी या शहरात पोहोचले. २०१६ मध्ये आइसलँडमध्ये एका अमेरिकन पर्यटकाला राजधानी रेक्याविकमधील हॉटेलात जायचे होते. आरक्षणाच्या पत्त्यात एक ‘र’ अधिक पडल्यामुळे तो उत्तर किनाऱ्यावरील सिग्लुफ्योर्दुर या गावी पोहोचला. मार्ग सुरू करण्यापूर्वी एकूण अंतर, अपेक्षित वेळ व प्रदेशाचे नाव पडताळल्यास अशी चूक लगेच ध्यानात येते.

नकाशा आणि प्रत्यक्ष भूप्रदेश

मार्च २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात तीन जपानी पर्यटकांनी यंत्राच्या सूचनेनुसार नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटाकडे मोटार नेली. वाटेत समुद्र असल्याचे यंत्राने दाखवले नव्हते. ओहोटीच्या वेळी चिखलात रुतलेली मोटार भरतीच्या पाण्यात सापडली. प्रवासी सुखरूप राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी ॲपल मॅप्सबाबत जाहीर इशारा दिला. त्या नकाशात मिल्ड्युरा हे शहर मूळ जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, निर्जल राष्ट्रीय उद्यानात दाखवले गेले होते.

अमेरिकेतील डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात अशा चुका जिवावर बेतल्या आहेत. ऑगस्ट २००९ मध्ये तेथे एका महिलेची मोटार दुर्गम भागात वाळूत रुतली आणि मदत पोहोचण्यापूर्वी तिच्या मुलाचा मृत्यू झाला. केवळ जीपीएसवर विसंबू नये व सोबत कागदी नकाशा ठेवावा, असे उद्यानाचे प्रशासन प्रवाशांना सांगते.

देशोदेशींचे नियम

यंत्राने सुचवलेला मार्ग कायदेशीर असेलच असे नाही. शिवाय यंत्राच्या वापरावरही देशागणिक वेगवेगळी बंधने आहेत.

फ्रान्समध्ये २०१२ पासून वेगमापक कॅमेऱ्यांचे नेमके स्थान सांगणाऱ्या यंत्रांवर बंदी आहे. ‘धोक्याचा टापू’ अशी सर्वसाधारण सूचना मात्र चालते. स्वित्झर्लंड व जर्मनीतही वाहन चालवताना अशा सूचना देणारी सोय वापरता येत नाही.

इटलीतील फ्लॉरेन्स, रोम, पिसा इत्यादी शहरांच्या जुन्या भागांत मर्यादित वाहतूक क्षेत्रे आहेत. परवान्याविना शिरलेल्या वाहनाची नोंद कॅमेरे घेतात आणि दंडाची सूचना पुढे भाड्याच्या मोटारीच्या कंपनीमार्फत चालकापर्यंत पोहोचते.

ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये द्रुतगती महामार्गांसाठी ‘विन्येट’ हा पथकर आधी भरावा लागतो. आइसलँडमध्ये ‘एफ’ अक्षराने दर्शवलेल्या डोंगरी रस्त्यांवर चारही चाकांना गती देणारे वाहन आवश्यक असते.

ब्रिटनमध्ये वाहन चालवताना मोबाईल हातात धरून वापरणे गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात पुढील काचेवर यंत्र लावण्याच्या जागा व त्यांचे आकारमान कायद्याने ठरवून दिले आहे.

चीनमध्ये नकाशांचे निर्देशांक कायद्यानुसार मूळ स्थानापासून सरकवलेले असतात. त्यामुळे परदेशी नकाशावर वाहन काहीशे मीटरपर्यंत बाजूला दिसू शकते.

भारतीय चालकांच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील रहिवाशांना आंतरराष्ट्रीय वाहन परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत कमाल एक वर्ष असते. भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात, तर अमेरिकेत व युरोपच्या बहुतांश भागात उजव्या बाजूने. तेथील वर्तुळाकार चौकांत वाहने घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे ‘दुसऱ्या वाटेने बाहेर पडा’ अशी सूचना ऐकताना वाटा उजवीकडून मोजाव्या लागतात. अमेरिका व ब्रिटनमध्ये वेगमर्यादा मैलांत लिहिलेली असते, म्हणून यंत्राची एककेही त्यानुसार बदलणे सोयीचे ठरते. यंत्राची सूचना आणि रस्त्यावरील फलक यांत विसंगती आढळल्यास फलकच ग्राह्य धरला जातो, आणि नियमभंगाची जबाबदारी चालकावरच येते.