गेमिंग पीसीचे सुटे भाग एकमेकांशी का जुळतात?

१/११
गेमिंग पीसी जुळवणारा तरुण आज एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीचा मदरबोर्ड, तिसरीचे ग्राफिक्स कार्ड आणि चौथीचे कॅबिनेट घेतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले हे भाग घरी नेमके बसतात. मात्र प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची सांगड चुकली, की सारेच अडते. निवडीचे हे स्वातंत्र्य आले कोठून आणि ते तिथेच का संपते? #इतिहास #थ्रेड

२/११
१९८० साली आयबीएमने फ्लोरिडातील बोका रेटन येथील एका लहान चमूकडे वैयक्तिक संगणक घडवण्याची कामगिरी सोपवली. मुदत सुमारे एक वर्षाची होती. तेवढ्या अवधीत सर्व भाग स्वतः बनवणे शक्य नव्हते. म्हणून इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, मायक्रोसॉफ्टची डॉस प्रणाली असे बाहेरचे घटक घेऊन यंत्र उभे राहिले.

३/११
१२ ऑगस्ट १९८१ रोजी ते जाहीर झाले. आत विस्तार-कार्डांसाठी ५ स्लॉट होते. इतरांनी कार्डे बनवावीत म्हणून आयबीएमने तांत्रिक पुस्तिकाही विक्रीस ठेवली. तीत मंडलांच्या आकृत्या होत्या आणि बायोस या पायाभूत प्रणालीचा कोडही होता. तो कोड कोणालाही वाचता येई. नक्कल करणाऱ्याला मात्र कॉपीराइट आडवा येई.

४/११
हा अडसर ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने ओलांडला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी १९८२ मध्ये ती स्थापली. एका गटाने आयबीएमचा बायोस काय काय करतो, याचे टिपण केले. मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणावरून नवा बायोस लिहिला. नक्कल झाली नाही, वर्तन मात्र तेच राहिले. १९८३ या विक्रीच्या पहिल्याच वर्षी कंपनीची विक्री ११ कोटी डॉलरवर गेली.

५/११
‘आयबीएमसुसंगत’ ही बिरुदावली पुढे अनेकांनी लावली. तिची परीक्षा कशी घ्यावी? वेगासाठी बायोसला वळसा घालून थेट हार्डवेअरशी बोलणारे प्रोग्राम अपुऱ्या नकलेवर हमखास अडखळत. त्यामुळे लोटस १-२-३ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि फ्लाइट सिम्युलेटर हा खेळ, ही दोन कसोटी मानली गेली. सुसंगततेचा कस पाहण्याचे काम तेव्हाही एका गेमकडेच होते!

६/११
१९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीजने याच पद्धतीने लिहिलेला बायोस इतर उत्पादकांना परवान्याने देण्यास प्रारंभ केला. कॉम्पॅकइतके भांडवल नसलेल्यांनाही आता सुसंगत संगणक बनवता येऊ लागला.

७/११
आयबीएमने १९८७ मध्ये प्रतिडाव टाकला. पीएस/२ या नव्या मालिकेत मायक्रो चॅनल ही नवी बस आली. जुनी कार्डे तिच्यात बसत नव्हती आणि ती वापरू इच्छिणाऱ्या स्पर्धकांना आयबीएमला परवाना शुल्क द्यावे लागणार होते. उघडे राहिलेले दार पुन्हा लावून घेण्याचाच हा प्रयत्न होता.

८/११
१३ सप्टेंबर १९८८ रोजी कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी यांच्यासह ९ कंपन्यांनी एकत्र येऊन ईआयएसए हे पर्यायी मानक जाहीर केले. त्यात जुनी कार्डेही चालत. हे मानक घराघरांत पोहोचले नाही. पण पीसीचा आराखडा ठरवण्याची आयबीएमची मक्तेदारी मोडली.

९/११
रिकाम्या झालेल्या आसनावर इंटेल बसली. १९९२ मध्ये पीसीआय आणि १९९५ मध्ये एटीएक्स आले. बोर्डाचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागील जोडण्या आणि वीजपुरवठ्याचा कनेक्टर एटीएक्सने ठरवून दिला. कोणत्याही कंपनीचा एटीएक्स बोर्ड आजच्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो, तो यामुळेच.

१०/११
प्रोसेसरच्या बाबतीत मात्र उलट घडले. सॉकेट ७ मध्ये इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिघांचेही प्रोसेसर चालत. १९९७ मध्ये पेंटियम २ सोबत इंटेलने स्लॉट १ आणला आणि तो पेटंटच्या कुंपणात ठेवला. १९९९ मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉनसाठी स्लॉट ए काढला. कनेक्टर दिसायला तोच, पण विद्युतदृष्ट्या पूर्णतः विसंगत! तेव्हापासून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

११/११
त्या फारकतीचा परिणाम आजच्या खरेदीत दिसतो. एएम५ बोर्डावर केवळ डीडीआर५ रॅम चालते. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे, तर काही डीडीआर५ चे असतात; दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या असल्याने अदलाबदल होत नाही. म्हणून जाणकार आधी सॉकेट पाहतो, मग रॅमचा प्रकार, मग कॅबिनेटमधील जागा आणि शेवटी वीजपुरवठ्याची क्षमता. ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचे, याची चिंता त्याला करावी लागत नाही. ती चिंता १९८८ साली ९ कंपन्यांनी वाहिली होती.