रक्ताचा वारसा आणि वतनाचा वारसा

'ते रक्तातच असते' हा जातिव्यवस्थेचा जुना युक्तिवाद. भोर-वेल्ह्याच्या मावळात तो मी आजही ऐकतो: अमक्याच्या रक्तात चाकरी, तमक्याच्या रक्तात राज्य. घरातला पहिला पदवीधर आणि पेशाने शिक्षक म्हणून या युक्तिवादाची झडती घेणे मी माझे काम समजतो.

इतिहास काय सांगतो? हा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा; राजगड आणि प्रचंडगड, म्हणजे तोरणा, हे त्याचेच तालुके. इथल्या गावगाड्यात महाराचे काम जन्माने ठरे: वेशीची राखण, सांगावा, मेलेले ढोर ओढणे. मोबदला बलुत्याचा, तोही मागून आणायचा. शेजारच्या इंग्रजी मुलखात हीच वंशपरंपरा 1874 च्या वतन कायद्याने कागदावर आली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात त्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. 1948 साली संस्थान विलीन झाले आणि 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. कायद्याने जी वंशपरंपरा संपते, ती रक्तातली कशी?

लष्कराचे उदाहरण घ्या. 1818 साली कोरेगावला लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जातीं'च्या सिद्धांताखाली बंद झाली. महायुद्धात माणसे कमी पडताच 1917 साली महार पलटण उभी राहिली, 1921 साली मोडली, 1941 साली महार रेजिमेंट झाली. रक्त तेच होते. बदलली ती सरकारची गरज.

विज्ञान आनुवंशिकता नाकारीत नाही. उंची, वर्ण, काही आजार यांत आईबापांचा वाटा असतोच. पण जनुक म्हणजे ललाटरेषा नव्हे. 1905 साली स्टार्लिंग यांनी ज्यांना 'हार्मोन' हे नाव दिले, ती संप्रेरके रक्तातून अवयवांना निरोप पोचवतात. त्या निरोपावर अन्न, झोप आणि भीती यांचा परिणाम होतो. उपाशी मुलाच्या शरीरात वाढीचे संप्रेरक असूनही यकृत त्याला नीट साथ देत नाही, वाढ खुंटते. सततच्या धाकाने कॉर्टिसॉलचा तोल ढळतो. झोप आणि स्मरण बिघडते. मग खुंटलेला देह आणि बुजलेला चेहरा पाहून लोक म्हणतात, जातच तशी! उपासमार व्यवस्थेने दिली, दोष मात्र रक्ताला.

जातीमुळे वंश सुधारतो, हा दावा बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात खोडून काढला होता. आपल्या विद्यार्थ्यांनी जीवशास्त्र केवळ परीक्षेपुरते शिकू नये. कोणी रक्ताचा दाखला दिला, तर त्याच्याकडे आधी भाकरीचा हिशेब मागावा.