जस्त बाहेर काढणाऱ्यांचं घराणं

पेशीला जस्त लागतंच, पण जस्त जास्त झालं की तेच विष. ते बाहेर काढणाऱ्या प्रथिनांचा शोधही विषाच्याच वाटेने लागला.

बेल्जियममध्ये लिएज इथे जस्ताचा कारखाना होता. १९७६ मध्ये त्याच्या टाकीतल्या गाळात एक जिवाणू मजेत जगताना सापडला. त्याला हे धातू पचवू देणाऱ्या जनुकांना कोबाल्ट, झिंक, कॅडमियम या तिघांवरून 'सीझेडसी' हे नाव पडलं. १९८९ मध्ये यीस्टमध्ये 'झेडआरसी-१' मिळालं. नावाचा अर्थ सरळ आहे: जस्त पचवण्याची ताकद देणारं.

सस्तन प्राण्यांतलं पहिलं प्रथिन मिळालं ते सिॲटलच्या रिचर्ड पाल्मिटर आणि फिंडली यांना, १९९५ मध्ये. त्यांची युक्ती मला फार आवडते. हॅमस्टरच्या पिल्लाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींतल्या जस्त अजिबात न सोसणाऱ्या पेशी त्यांनी निवडल्या, त्यांत उंदराच्या मूत्रपिंडातली जनुकं सोडली आणि वर जस्त ओतलं. बाकीच्या मेल्या. ज्या वाचल्या, त्यांच्यात कोणतं जनुक शिरलंय ते पाहिलं. तेच 'झिंक ट्रान्सपोर्टर-१', म्हणजे झेडएनटी-१. पेशीच्या बाहेरच्या पटलात बसून ते जस्त हाकलतं. चेहरेपट्टी यीस्टमधल्या भावंडाशी जुळत होती. पुढे माणसात अशी दहा निघाली. कुणी आईच्या दुधात जस्त घालतं, कुणी इन्सुलिनच्या पुटिकांत.

त्याच वर्षी नीस आणि सिल्व्हर या संशोधकांनी या घराण्याला आडनाव दिलं: धनायनांच्या विसरणाला मदत करणारे. ते फसलं. विसरण म्हणजे उतारावरून आपसूक वाहणं. ही प्रथिनं मात्र सौदा करतात. प्रथिन आधी आतल्या बाजूला उघडतं. दोन हिस्टिडिन आणि दोन ॲस्पार्टेट मिळून जस्ताचा आयन चिमटीत धरतात. मग आतलं दार मिटतं, बाहेरचं उघडतं, आयन सुटतो आणि त्याच्या जागी प्रोटॉन आत येतो. वाड्याच्या देवडीसारखं, फक्त इथे दोन्ही दारं एकदम कधीच उघडी नसतात. ई. कोलाय जिवाणूतल्या अशाच एका प्रथिनाची स्फटिकरचना २००७ मध्ये दिसली, तेव्हा अशी चिमटी नजरेसमोर आली. आडनाव अजून तेच आहे. कुलकर्णी कुठे आज गावाचं दप्तर लिहितात!

दहाव्या भावंडाची तर ओळखच चुकली होती. यकृत निकामी होणं, हातापायांत ताठरपणा आणि रक्तात भलतंच मँगॅनीज असलेल्या काही कुटुंबांत २०१२ मध्ये झेडएनटी-१० चं जनुक बिघडलेलं आढळलं. ते मँगॅनीज बाहेर काढतं. चिमटीतल्या एका हिस्टिडिनच्या जागी, त्रेचाळिसाव्या ठिकाणी, त्याच्याकडे ॲस्परॅजिन आहे.